अक्काचा डावा डोळा

माझी थोरली बहीण भारताच्या संघातून क्रिकेट खेळली, हे आज तेलंगणातल्या आमच्या भैंशात फार थोड्या लोकांना माहीत आहे. लोक तिला ओळखतात ते जवळच्या मुधोळच्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करणारी बाई म्हणून. एका डोळ्यानं अधू, कमी बोलणारी, भाताचं मोठं पातेलं एकटीनं चुलीवरून उतरवणारी. मी तिच्याहून पाच वर्षांनी धाकटी. आम्ही तिला अक्का म्हणायचो. ती कशी खेळायची हे सांगणारं घरात आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. ती का थांबली यामागचं खरं तर आम्हा दोघींशिवाय कुणाला कधी कळलंच नाही.

आमचा भाजीचा मळा गावाबाहेर वागूच्या काठाला होता. ओढ्याला आमच्याकडे वागूच म्हणतात. वांगी, मेथी, पालक, उन्हाळ्यात काकड्या. वरच्या अंगाला थोडी ज्वारी आणि तिच्या मळणीसाठी बाबांनी तयार केलेलं खळं. मळणी संपली की ते वर्षभर रिकामं पडायचं. चोपून चोपून दगडासारखी झालेली, शेणानं सारवलेली गोल जागा. अक्काची सगळी फलंदाजी त्या खळ्यावर घडली.

सुरुवात शाळेतून झाली. ऐंशीच्या दशकाच्या अगदी सुरुवातीचे दिवस. आमच्या मराठी शाळेत खेळ शिकवायला एक तेलुगू सार आले होते. त्यांना मराठी धड येत नसे, त्यामुळे ते फार बोलत नसत, नुसते बघत राहत. एकदा मुलांच्या सामन्यात बॉल मैदानाबाहेर मुली बसल्या होत्या तिकडे गेला. अक्कानं तो उचलून बसल्या जागेवरून फेकला आणि तो थेट यष्ट्यांजवळ उभ्या असलेल्या सारांच्या हातात गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्या हातात बॅट दिली. ती तेव्हा नववीत होती. महिन्याभरात शाळेतली मुलं तिला बॉल टाकायला कंटाळली, कारण ती बादच होईना.

सार आमच्या घरी आले तेव्हा बाबा मेथीच्या जुड्या बांधत होते. मुलीला निजामाबादला निवडीसाठी न्यायचं आहे, असं सारांनी हिंदी-मराठी मिसळून सांगितलं. माय दारातून नको नको अशा खुणा करत होती. बाबांनी जुडी पुरी बांधली, पाण्यात बुडवून बाजूला ठेवली आणि म्हणाले, "पोरगी परत घरात पाय ठेवेस्तोवर तुमची जिम्मेदारी, सार." सारांनी मान हलवली. त्यानंतर कितीतरी वेळा ते तिला बसनं बासरला आणि तिथून रेल्वेनं सिकंदराबादला घेऊन गेले आणि दर वेळी घराच्या उंबऱ्यापर्यंत आणून सोडलं.

सतराव्या वर्षी ती हैदराबादच्या संघात आली. आज ऐकणाऱ्याला वाटेल, केवढी मोठी गोष्ट. पण त्या मुली परगावी शाळांच्या वर्गांत बाकं सरकवून झोपायच्या. गादीची वळकटी घरून न्यायची, ताट-वाटीही घरूनच. तीन-चार जणींत एक बॅट. अक्का परत आली की तिच्या वळकटीला रेल्वेच्या कोळशाचा वास यायचा. माय ती उन्हात टाकायची आणि पुटपुटायची. अक्का मात्र आल्या आल्या मला खळ्यावर न्यायची. तिला बॉल टाकणारी मीच होते. सारांनी मला हात फिरवून टाकायला शिकवलं होतं आणि मी वयाच्या मानानं बऱ्याच वेगात टाकायची. शाळेत मी मैत्रिणींना सांगायची, अक्का माझ्या बॉलिंगवर तयार झाली.

ती वीस वर्षांची होती आणि मी पंधरा, तेव्हा भारताच्या संघाच्या शिबिराचं बोलावणं आलं. पत्र इंग्रजीत होतं, सारांनी ते बाजारात, आमच्या भाजीच्या पालासमोर उभं राहून वाचून दाखवलं. शिबिराला तीन आठवडे होते. मळणी नुकतीच झाली होती आणि त्या साली खळं पुन्हा सारवलेलं नव्हतं. त्याला जागोजाग भेगा पडल्या होत्या.

अक्का मला म्हणाली, आखूड टाक, परदेशी पोरी उंच असतात, त्यांचा बॉल छातीवर येतो, मला त्याची सवय पायजे. मी आखूड टाकत राहिले. ती प्रत्येक बॉल खाली दाबत होती किंवा सोडून देत होती. तासभर झाला. माझा खांदा दुखायला लागला होता आणि मला तिचा राग आला होता. खरं तेच लिहिते. एकदा तरी हिला चुकवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी धावत आले, जिथून टाकायचा ती रेघ ओलांडली आणि दोन पावलं पुढून सगळ्या ताकदीनं बॉल आपटला. तो भेगेच्या काठावर पडला आणि छातीवर न येता सरळ तिच्या तोंडावर गेला.

आवाज फार मोठा झाला नाही. ती खाली बसली. बॅट तिनं सोडली नव्हती. मी जवळ गेले तेव्हा डाव्या डोळ्यावर तिचा हात होता आणि बोटांच्या फटींतून रक्त येत होतं. मी पाटाच्या पाण्यात ओढणी भिजवून आणली. डोळा उघडून बघितला तर बुबुळाच्या खालच्या बाजूला रक्त साचलं होतं, जसं वाटीच्या तळाला पाणी राहतं तसं. मी रडायला लागले. ती रडत नव्हती.

"मायले सांगू नको," ती म्हणाली. "बाबाले त बिलकूल नाई."

मी विचारलं, काऊन.

"बंद करतील. तीन आठवडे राह्यले. शिबिर होऊ दे, मग दाखवू डोळा."

विहिरीच्या पायरीवरून पाय घसरला, असं तिनं घरी सांगितलं. मायनं विश्वास ठेवला. तव्यावर फडकं गरम करून ती चार दिवस डोळा शेकत राहिली. बाबा म्हणाले, नांदेडला डॉक्टरला दाखवू. अक्का म्हणाली, उतरून राह्यलं, काय गरज. मी गप्प बसले. ते तिच्यासाठी होतं, असं मी स्वतःला सांगायची. पण त्यात माझी भीतीही होती. कुणी विचारलं असतं, बॉल कुणी टाकला, किती जवळून टाकला, तर मला काय सांगता आलं असतं? अक्काचं गुपित राखताना माझंही राखलं जात होतं.

आठ दिवसांनी सूज उतरली. सकाळी मळ्यात ती उजवा डोळा तळहातानं झाकून माझ्यासमोर उभी राहिली आणि बोटं दाखव म्हणाली. मी दोन बोटं धरली. ती म्हणाली, तीन. मी मूठ धरली. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, दोन. मी खरं सांगितलं नाही, बरोबर म्हणाले. तिला कळलं असणार, कारण तिनं पुन्हा विचारलं नाही.

त्याच दिवशी तिनं मला परत बॉल टाकायला लावलं. चिंध्यांचा बॉल, हळू. उजव्या हातानं खेळणाऱ्याचा डावा खांदा आणि डावा डोळा बॉलकडे असतो. तिचा तोच डोळा गेला होता. पहिले दहा-बारा बॉल तिच्या बॅटला लागलेच नाहीत. बॉल जवळ आला की लांब हे तिला समजत नव्हतं. ती लवकर बॅट फिरवायची. मग ती थांबली, पाय हलवून बघितले आणि हळूहळू वळत वळत माझ्याकडे छाती करून उभी राहिली, म्हणजे उजव्या डोळ्याला सगळं दिसेल अशी. तसं उभं राहणं सारांनी तिला कधीच करू दिलं नसतं. पुढचा बॉल बॅटच्या मधोमध बसला. पंधरा दिवस ती सकाळ-संध्याकाळ तेच करत होती. डौलदार, सुंदर खेळणारी माझी बहीण त्या पंधरा दिवसांत संपली आणि तिच्या जागी दुसरीच कुणीतरी तयार झाली. ती कुरूप उभी राहायची, शेवटच्या क्षणापर्यंत वाट बघायची आणि बॉल अगदी अंगाखाली खेळायची.

ती शिबिराला गेली आणि संघात निवडली गेली.

तिथल्या प्रशिक्षकांनी तिचं उभं राहणं बदलायचा प्रयत्न केला, ती हट्टी आहे असं ठरवलं आणि सोडून दिलं, कारण धावा होत होत्या. दोन हंगाम ती मोठ्या सामन्यांत खेळली. सारांनी तेलुगू पेपरातला तिचा फोटो आणला. तो बाबांनी पालाच्या बांबूला चिकटवला. लोक भाजी घ्यायला यायचे आणि विचारायचे, ही अशी समोर तोंड करून काऊन उभी आहे? बाबा हसून म्हणायचे, तिची पद्धतच तशी.

तिचा मोठा सामना मी एकदाच बघितला. सारांनी मला सिकंदराबादला नेलं होतं. बघायला शे-दीडशे माणसं असतील. त्या दिवशी ती सकाळी खेळायला गेली आणि चहाच्या सुट्टीपर्यंत बाद झाली नाही. दुसऱ्या टोकाला मुली येत होत्या, बाद होऊन जात होत्या. ती खांद्याला दुखतंय म्हणून मान वाकडी करते असं शेजारी बसलेले लोक म्हणत होते. फिरकी बॉल हवेत असताना ती गोंधळायची. मग तो जमिनीवर पडेपर्यंत ती काहीच करायची नाही, आणि पडल्यावर त्याच्या मागे मनगट न्यायची. सार टाळ्या वाजवत होते. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या नाहीत. चहानंतर ती क्षेत्ररक्षण करत असताना एक उंच झेल तिच्याकडे आला. ती त्याच्या दिशेनं धावली आणि बॉल तिच्या मागे चार हातांवर पडला. संघातल्या मुली हसल्या. तीही हसली. लांबून मला तिचे दात दिसले.

त्यानंतरच्या दिवाळीत ती घरी आली तेव्हा मला म्हणाली, डोळ्यापुढं माशा उडून राह्यल्या. मी म्हटलं, सारांना सांग. ती म्हणाली, नोकरी होऊ दे. तिला एका सरकारी खात्यात खेळाडू म्हणून नोकरी मिळणार होती. कागद झाले होते, फक्त डॉक्टरी तपासणी राहिली होती. नोकरी मिळाली की सिकंदराबादला राहायला जागा, रोजचा सराव, आणि डोळ्याला मोठा डॉक्टर. तिचा हिशेब असा होता. उन्हाळ्यापर्यंत डोळ्यात वरून काळा पडदा उतरल्यासारखं व्हायला लागलं. तेही तिनं फक्त मला सांगितलं.

तपासणीला सोबत म्हणून मी गेले. दवाखान्याच्या लांब पडवीत मुलं-मुली रांगेत उभी होती. डोळे तपासायच्या खोलीचं दार उघडं होतं आणि भिंतीवर अक्षरांचा तक्ता दिसत होता. अक्कानं मला दाराजवळ उभं केलं. मी तळहातावर पेनानं सगळ्या ओळी उतरवून आणल्या. इंग्रजी अक्षरं. ती रांगेत उभी राहून ती पाठ करत होती, शाळेत पाढे म्हणायचो तशी.

नंबर आला तेव्हा मी दाराशी होते. कंपाउंडरनं आधी डावा डोळा झाकला. ती वाचत गेली. मग त्यानं उजवा झाकला. ती तेवढ्याच भरभर वरून खालपर्यंत सगळं बोलून गेली. डॉक्टर खुर्चीवर बसून लिहीत होते. त्यांनी मान वर केली. उठून तक्त्याजवळ गेले, काडी घेतली आणि मधल्याच एका अक्षरावर ठेवली. हे कोणतं?

 काडी कुठं आहे हे अक्काला दिसत नव्हतं. तिनं अंदाजानं एक अक्षर सांगितलं. डॉक्टरांनी काडी दुसरीकडे नेली. तिनं दुसरं सांगितलं. मग डॉक्टरांनी काडी खाली ठेवली, आणि तक्त्यावर काहीच न दाखवता विचारलं. तिनं तरीही एक अक्षर सांगितलं.

त्यांनी तिला खुर्चीवर बसवून बॅटरी डोळ्यात मारली, आतून बघायचं यंत्र लावलं. बराच वेळ गेला. शेवटी त्यांनी हैदराबादी हिंदीत विचारलं, "कब लगा था, अम्मा?" तिनं सांगितलं. ते म्हणाले, आतला पडदा सुटलाय. लागलं त्या वेळी तपासला असता तर हे टाळता आलं असतं. आता उपयोग नाही. ते ओरडले नाहीत, उलट त्यांनी तिच्यासाठी पाणी मागवलं. मग कागदावर जे लिहायचं ते लिहिलं.

नोकरी गेली. बातमी संघापर्यंत गेलीच. कुणी तिला बोल लावला नाही, पण पुढच्या शिबिराच्या यादीत तिचं नाव नव्हतं. त्याच्या पुढच्याही नव्हतं. तशीही त्या वर्षांत मुलींच्या क्रिकेटला उतरती कळा लागली होती. संघ बोलवायचे, परत पाठवायचे, दौरे ठरून रद्द व्हायचे. चांगले डोळे असलेल्या मुलीही वाट बघून घरी बसल्या. असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे.

घरी तिनं सांगितलं की हैदराबादला सराव करताना बॉल लागला. माझं नाव तिनं काढलं नाही. बाबांनी पालाच्या बांबूवरचा फोटो काढून घडी करून खिशात ठेवला.

दोन दिवसांनी सार आले. त्यांनी ऐकलं होतं. ते ओसरीवर बसले नाहीत, बाबांसमोर उभे राहिले. मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले होते. एवढ्या वर्षांत त्यांचं मराठी सुधारलं होतं.

"जिम्मेदारी माझी होती," ते म्हणाले. "मी नेलं. माझ्या लक्षात नाही आलं."

त्यांनी बाबांच्या पायाला हात लावला. बाबा त्यांच्याहून मोठे होते, पण सार शाळेतले मास्तर. बाबांनी त्यांचे हात धरले. मी तांब्या धरून उभी होते. एक वाक्य पुरलं असतं. सार, ते इथं झालं, खळ्यावर, माझ्या हातानं. अक्का आतल्या खोलीच्या दारात होती. तिनं माझ्याकडे बघितलं. गप्प राहा म्हणून बघते आहे, असं मी धरून चालले. सारांनी पाणी घेतलं नाही. त्यानंतर वर्षभरात त्यांची आसिफाबादकडे बदली झाली आणि पुढे ते तिकडेच वारले, असं आम्हाला उशिरा कळलं. शाळेत त्यांनी पुन्हा कुठल्याही मुलीला बॅट दिली नव्हती.

माझं लग्न अक्काच्या आधी झालं, भीमपूरकडे. अक्काला दोन-तीन स्थळं आली. डोळा बघून परत गेली; तिचं लग्न झालंच नाही. बाबा गेले, मळा चुलत्यांच्या वाट्याला गेला. नव्वदच्या दशकात मुधोळच्या वसतिगृहात बाई पायजे होती, तिथं ती लागली. मायला तिनं तिथंच नेलं, आणि माय तिच्याच हातावर गेली.

मायचं सगळं उरकल्यावर काही महिन्यांनी मी तिला भेटायला गेले. रविवार होता. वसतिगृहाच्या अंगणात मुली फळकुटानं क्रिकेट खेळत होत्या. अक्का ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिचा उजवा डोळाही आता मंदावला होता; खडे ती बघून नव्हे, बोटांनी शोधायची. मी तिच्यासमोर बसले, सुपातला थोडा तांदूळ माझ्या ताटात घेतला. मुलींना काऊन शिकवत नाहीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, कोण कुणाला टाकते अन् कुठून टाकते, मला आता दिसत नाही.

मला वाटलं, आज बोलावं. मी सांगितलं, त्या दिवशी मी रेघ ओलांडली होती. दोन पावलं पुढून टाकला.

"ठाऊक हाय," ती म्हणाली. "मी पाह्यलं होतं. ते मी कवाच सोडलं."

मी रडायला लागले. मला वाटलं, आता झालं, सुटले. ती तांदूळ निवडत राहिली. थोड्या वेळानं तशीच खाली बघत म्हणाली, "पण तू सांगायला पायजे होतं. मी नको म्हणलं तरी. मले यड लागलं होतं त्या वक्ती. तुले तर नवतं लागलं."

मी म्हणाले, मी भ्याले होते.

"हाव," ती म्हणाली. "अन् सारांसमोर?"

 तिनं उत्तराची वाट बघितली नाही. सूप पाखडून उठली, आत जाऊन आधण ठेवलं. जेवताना तिनं मला आग्रह करून वाढलं, माझ्या मुलांची विचारपूस केली, सासूच्या गुडघ्यांचं विचारलं. आवाजात राग नव्हता. 

दुपारी तिला भैंशाच्या बाजारात काम होतं, म्हणून आम्ही दोघी बसस्टँडवर आलो. तीन-चार बसा उभ्या होत्या. पाट्या तेलुगूत, आणि लांबून तिला त्या वाचता येत नव्हत्या. मी तिच्या डाव्या हाताला, अगदी खांद्याला खांदा लावून उभी होते. अक्कानं मान वळवली, उजव्या बाजूला टोपली घेऊन उभ्या असलेल्या एका अनोळखी बाईला विचारलं, "मावशी, भैंशाची कोणती?" त्या बाईनं बोट दाखवलं. अक्का तिकडे चालायला लागली, आणि मी तिच्या मागून गेले.